खमीर, हॉप आणि एक अबोला

आज मी बिअरविषयी बोलणार आहे, असं घरी सांगितलं तेव्हा बायको हसली. म्हणाली, ‘‘आयुष्यात थेंब चाखला नाही, आणि लोकांना काय सांगणार?’’ तिचं म्हणणं खरं आहे. मी घेत नाही. आमच्या धर्मात ती वर्ज्य आहे आणि घेतली नाही याची मला कधी हळहळही वाटली नाही. पण बिअर ज्या एका गोष्टीवर उभी असते, त्या खमिराच्या वासात मी लहानाचा मोठा झालो आहे. माझ्या अब्बांची बेकरी होती.

आमचं गाव पेठ. पुणे-नाशिक रस्त्यावर खेड आणि मंचर यांच्या मधलं, आंबेगाव तालुक्यातलं. सातगाव पठार म्हणतात ते हेच. पावसाळ्यात इथं नजर जाईल तिथवर बटाटा असतो. अशा गावात रोज पहाटे पावाचा वास सुटायचा तो आमच्या घरातून. रात्री अब्बा मैदा मळायचे, त्यात आदल्या दिवशीचं राखलेलं खमीर घालायचे आणि वर ओलं फडकं झाकून ठेवायचे. मी सारखं फडकं उचलून बघायचो. ते ओरडायचे, ‘‘खमीर को घाई नक्को!’’ थंडीत पीठ फुगायला जास्त वेळ लागतो, उन्हाळ्यात लवकर फुगतं आणि लवकर आंबटही होतं, भांडं अस्वच्छ असेल तर सगळी मेहनत वाया जाते, हे सारं मी शाळेत जायच्या आधी शिकलो. पुढे बी.ए. झालो, कविता लिहू लागलो. पण आंबवण्याचं हे शास्त्र डोक्यातून गेलं नाही.

या शास्त्राची मला पुन्हा गरज पडली ती एका अबोल्यामुळे.

माझा एक बालमित्र आहे. घराला घर लागून. त्याची बटाट्याची शेती. त्याचा मुलगा शिकायला अमेरिकेत ओरेगॉन राज्यात गेला, तिथंच नोकरीला लागला, आणि तिथल्या पुष्कळ तरुणांप्रमाणे घरच्या स्वयंपाकघरात बिअर बनवायला शिकला. इथवर मित्राला काही ठाऊक नव्हतं. पण पोरगा परत आला आणि कॉम्प्युटरची नोकरी सोडून पुण्यातल्या एका परवानाधारक ब्रुअरीत रुजू झाला. ते कळल्या दिवसापासून मित्रानं मुलाशी बोलणं टाकलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली, पोरगा उंबऱ्याशी येऊन आईला भेटून परत जायचा.

याचं कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही सहावीत होतो तेव्हाची गोष्ट. मित्राचे वडील एका रात्री ओढ्याकडच्या हातभट्टीवरून घरी आले, झोपले. सकाळी उठून म्हणाले, ‘‘अजून उजाडलं नाही का?’’ ऊन तर अंगणात आलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गेले. आमच्या घरी ‘भट्टी’ म्हणजे पोटाची भाकर होती. त्या दिवसापासून त्यांच्या घरी तो शब्द कोणी उच्चारला नाही.

एके दिवशी पोराचा मला फोन आला. ‘‘चाचा, तुम्ही बाबांना समजावून सांगा. तुम्हाला खमीर कळतं.’’ मी म्हटलं, ‘‘बाळा, आधी मला तरी समजू दे.’’ मग मी पुण्याला गेलो. त्यानं अमेरिकेतली त्याची वही काढली. बेकरीत अब्बांची असायची तशीच, डागाळलेली. तीत प्रत्येक खेपेची तारीख, तापमान, वजन, चूक, सगळं लिहिलेलं होतं. त्या वहीवरून त्यानं मला जे सांगितलं ते आता तुम्हाला सांगतो.

बिअर म्हणजे मुळात मोड आलेल्या धान्याचं आंबवलेलं पाणी. धान्य बहुधा जव. जव भिजवायचे, मोड आणायचे आणि मोड फार वाढायच्या आत वाळवायचे. याला माल्ट म्हणतात. आपल्याकडे लहान बाळासाठी नाचणीचं सत्त्व करतात, तेव्हा नाचणीला मोड आणतात, तीच ही युक्ती. मोड येताना धान्यात एक प्रकारची पाचकद्रव्यं तयार होतात. ती पिष्टाची साखर करतात. म्हणून मोडाचं धान्य किंचित गोड लागतं.

हे माल्ट भरडायचं आणि गरम पाण्यात तासभर ठेवायचं. पाणी उकळतं नको आणि कोमटही नको; ६६-६७ अंश सेल्सिअस हवं. त्याहून फार गरम झालं तर ती पाचकद्रव्यं निकामी होतात. तासाभरात पाणी गोड होतं. ते गाळून घ्यायचं, चोथा बाजूला. त्या मुलाच्या वहीत एका खेपेला साडेचार-पाच किलो माल्ट आणि त्यातून शेवटी १९ लिटर बिअर असा हिशेब होता. अमेरिकेत तो ५ गॅलनचा हिशेब धरतात. चोथ्याचं काय करतात, असं मी विचारलं. म्हणाला, ‘‘गुरं आवडीनं खातात, चाचा.’’ शेतकऱ्याचा मुलगा तो.

मग ते गोड पाणी तासभर खळाळून उकळायचं, आणि इथं त्या वस्तूचा प्रवेश होतो, जिच्यासाठी हा सारा खटाटोप. ती वस्तू म्हणजे हॉप.

हॉप ही एक वेल आहे, भांगेच्या कुळातली. नशा मात्र तिच्यात भांगेची नाही. उन्हाळ्याच्या चार-पाच महिन्यांत ती दोन माणसांच्या उंचीच्याही वर चढते. तिच्या मादी वेलीला पाइनच्या छोट्या शंकूसारखी हिरवी फुलं येतात. ती फुलं कुस्करली की आत पिवळी भुकटी दिसते. कडूपणा आणि वास दोन्ही त्या भुकटीत. पोरानं मला एक पाकीट उघडून दाखवलं. फुलं दळून, दाबून केलेल्या हिरव्या गोळ्या होत्या, कोंबडीच्या खाद्यासारख्या. मी हातात घेऊन चुरडल्या. वास आला तो संत्र्याच्या सालीचा, थोडा पपनसाचा, थोडा ओल्या गवताचा. जिभेवर कण ठेवला, तर कारल्याला लाजवेल असा कडू.

हा कडूपणा बिअरमध्ये कशाला? दोन कारणं आहेत. एक म्हणजे माल्टचा नुसता गोडवा मिळमिळीत लागतो, त्याला तोल हवा. दुसरं जास्त महत्त्वाचं आहे. हॉपमधली कडू आम्लं आंबटपणा आणणाऱ्या पुष्कळशा जंतूंना वाढू देत नाहीत, खमिराला मात्र सहसा त्रास देत नाहीत. लोणच्यात मीठ जे काम करतं, साधारण तेच बिअरमध्ये हॉप करतो.

यात एक मेख आहे. कडूपणा उतरायला हॉप बराच वेळ उकळावा लागतो, पण वास उकळल्यानं उडून जातो. म्हणून हॉप एकदम घालत नाहीत. थोडा सुरुवातीला घालतात, तो कडूपणासाठी. थोडा शेवटच्या पाच-दहा मिनिटांत घालतात, तो चवीसाठी. आणि थोडा तर आंबवण झाल्यावर, थंड बिअरमध्येच घालून तीन-चार दिवस ठेवतात, तो निव्वळ वासासाठी. आपल्या घरातल्या बायकांना हे नव्यानं सांगायला नको. हळद आधी पडते, कोथिंबीर शेवटी.

उकळलेलं पाणी झटपट २० अंशांपर्यंत निववायचं आणि खमीर सोडायचं. या जातीच्या बिअरचं खमीर आणि बेकरीचं खमीर एकाच जीवजातीचं, फक्त वाण निराळे. ते साखर खातं आणि दोन गोष्टी सोडतं: एक वायू आणि एक अल्कोहोल. पावात वायू कामाचा, त्यानं पाव फुगतो. अल्कोहोल भट्टीच्या आचेत बहुतेक उडून जातं. बिअरमध्ये अल्कोहोल राहतं. एकच जीव, एकच काम, फरक भांड्याचा आणि आचेचा. अब्बा हयात असते तर त्यांना हे सांगायची माझी हिंमत झाली नसती!

आठ-दहा दिवस हे भांडं १८ ते २० अंशांत, झाकून ठेवायचं. बुचात पाण्याची वाकडी नळी असते. आतला वायू बुडबुड करत बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. आंबवण संपलं की नाही हे डोळ्यांनी ठरवायचं नाही. दूध डेअरीत लॅक्टोमीटर बुडवतात ना, तशीच एक काचेची नळी बुडवून घनता मोजतात. साखर संपत जाते तशी घनता उतरते. लागोपाठ दोन-तीन दिवस आकडा तोच राहिला, की काम झालं. घाई करून साखर शिल्लक असताना बाटलीत भरली तर बाटली फुटते. वहीत एका पानावर लाल शाईनं लिहिलं होतं: ‘घाई केली. चार बाटल्या फुटल्या.’ मला अब्बांचं ओरडणं आठवलं.

शेवटी अगदी थोडी, मोजून घेतलेली साखर मिसळून बाटल्या बंद करायच्या आणि दोन आठवडे थांबायचं. त्या थोड्या साखरेनं फेस येतो. अल्कोहोलचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास. ही झाली ‘अमेरिकन पेल एल’. पेल म्हणजे फिकट. खरपूस भाजलेल्या काळ्या माल्टच्या मानानं फिकट, सोनेरी तांबूस रंगाची.

आता या बिअरचा आपल्याशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध जुना आहे. इंग्रज अमदानीत विलायतेहून कलकत्त्याला, मद्रासला, मुंबईला पिंपंच्या पिंपं बिअर यायची. केप ऑफ गुड होपला वळसा घालून गलबतं महिनोन् महिने प्रवास करायची. गरम हवेच्या देशांत जाणाऱ्या बिअरमध्ये हॉप जास्त घालावा, हे तिथल्या कारागिरांना अठराव्या शतकातच ठाऊक होतं. हिंदुस्थानच्या बाजारासाठी बनणाऱ्या या कडसर, फिकट बिअरला पुढे ‘इंडिया पेल एल’ हे नाव पडलं. म्हणजे नाव आपलं, चव त्यांची आणि तहान गोऱ्या साहेबांची.

अमेरिकेची गोष्ट अलीकडची. तिथं १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती उठली, घरी वाइन करायला मुभा मिळाली, पण घरी बिअर करायची मुभा कायद्यात राहूनच गेली. ती मिळायला १९७८ साल उजाडावं लागलं. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या वर्षी सही केली आणि १९७९पासून घरच्यापुरती बिअर करायला केंद्राचा अडसर उरला नाही. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००, विकायची नाही. तरी राज्याराज्यांचे कायदे वेगळे. मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांनी तर २०१३ साली परवानगी दिली.

याच काळात, १९७२ साली, ओरेगॉनमधल्या सरकारी संशोधनातून हॉपचा एक नवा वाण शेतकऱ्यांना मिळाला. त्याचं नाव कॅस्केड. मी चुरडला तो हाच, पपनसाच्या वासाचा. कॅलिफोर्नियातल्या चिको गावात केन ग्रॉसमन नावाचा तरुण घरगुती बिअरचं सामान विकायचं दुकान चालवत होता. त्यानं दूध डेअरीची जुनी भांडी जमवून एक छोटी ब्रुअरी उभी केली आणि १९८० साली कॅस्केड घातलेली ‘सिएरा नेवाडा पेल एल’ बनवली. आज जगभर अमेरिकन पेल एल म्हणून जी चव ओळखली जाते, तिच्यावर या बाटलीचा मोठा ठसा आहे.

आणि आपल्याकडे? इथं स्पष्ट सांगायला हवं. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यापासून महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं हा गुन्हा आहे. घरच्यापुरतं, दहा बाटल्या, हे बचाव चालत नाहीत. तेव्हा वर सांगितलेली कृती ऐकून कोणी स्वयंपाकघरात पातेलं चढवू नये. रीतसर परवाना काढून छोट्या प्रमाणावर बिअर करणारे मात्र आता आहेत. पुण्यात २००९ साली अशी एक मायक्रोब्रुअरी निघाली, तिचं नाव ‘डुलाली’. शब्द इंग्रजी वाटतो, पण तो आहे आपला! नाशिकजवळच्या देवळाली छावणीत गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत महिने काढायचे आणि त्यांची डोकी फिरायची. त्यावरून इंग्रजीत वेड्याला ‘डुलाली’ म्हणू लागले. आमच्या जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला तर १९८०च्या दशकातच द्राक्षांपासून शॅम्पेनच्या धर्तीची वाइन बनू लागली होती आणि परदेशात ती ‘ओमर खय्याम’ या नावानं विकली जात होती. खय्याम गणिती होता, ज्योतिषशास्त्रज्ञ होता. पण कवीचं हे असं होतं, लोक सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतात.

हे सगळं ऐकून मी त्या मुलाला सरळ विचारलं, ‘‘तुझ्या आजोबांचं काय? त्यांनी घेतलेली भट्टीचीच होती ना?’’

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘चाचा, मी हे शिकायला लागलो ते त्यांच्यामुळेच. नेमकं काय झालं होतं, मला समजून घ्यायचं होतं.’’

ते असं. बिअर नुसती आंबवलेली असते. हातभट्टीची दारू काळा गूळ, नवसागर वगैरे आंबवून मग वाफेनं गाळलेली असते. जवासारखं धान्य आंबवताना मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल अगदी नगण्य तयार होतं. दारूकांडांत माणसं मरतात ती बहुतेक वेळा कारखान्यात वापरायचं मिथेनॉल दारूत मिसळल्यामुळे, कारण ते स्वस्त असतं. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसं गेली, ती मिथेनॉलनंच. दिसायला ते पाण्यासारखं, आणि त्याला साध्या दारूपासून वेगळं ओळखणं पिणाऱ्याच्या हातात नाही. शरीरात गेल्यावर त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्यांची नस जाळतं. बारा तास, कधी दिवसभर, माणूस ठीक दिसतो. मग नजर अंधुक होते. अशा वेळी झोप काढायला न सांगता तडक मोठ्या दवाखान्यात न्यायचं असतं. वेळेत उपचार झाले तर माणूस वाचू शकतो. हे त्या दिवशी पेठला कोणाला ठाऊक नव्हतं. ‘उतरली नाही अजून’ असं म्हणून त्यांना पडवीत निजवलं होतं. त्यांच्या पेल्यात काय होतं ते कोणी तपासलंही नाही. सगळंच चोरीचं, मग विचारायचं कोणी आणि सांगायचं कोणी?

अरबीत ‘खमीर’ आणि मद्याला असलेला ‘खम्र’ हा शब्द, दोन्ही एकाच धातूपासून आले आहेत. त्याचा अर्थ झाकणं. पीठ झाकून ठेवावं लागतं म्हणून खमीर. अकलेवर झाकण घालतं म्हणून खम्र, असं जाणकार सांगतात. परतताना एसटीत मी त्या शब्दाचाच विचार करत होतो. खमिरावरचं फडकं वेळेवर काढावं लागतं. ओढ्याकाठच्या भट्टीवरचं फडकं कोणी काढलंच नाही. त्या मुलाच्या वहीत मात्र फुटलेल्या चार बाटल्यासुद्धा तारखेसकट लिहिलेल्या होत्या.

पेठला आल्यावर मी हे सगळं मित्राला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘‘तुझं मिथेनॉल खरं असेल. पण माझ्या बापाला त्या मिथेनॉलपर्यंत नेलं कोणी? दारूनंच ना?’’

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. चांगल्या वहीतली, मोजूनमापून केलेली बिअरही काही माणसांना व्यसनात नेते, घरं मोडते, हे नाकारून कसं चालेल? आंबवण्याचं शास्त्र मी सांगू शकतो. कुठं थांबायचं याचं शास्त्र काचेच्या नळीवर लिहिलेलं नसतं.

पुढच्या रविवारी पोरगा घरी आला. मी त्याला हाताला धरून ओटीवर नेलं आणि त्याच्याकडचं ते पाकीट मित्रासमोर ठेवलं. ‘‘पिऊ नको. नुसता वास घे,’’ म्हटलं. त्यानं आधी तोंड फिरवलं. मग एक गोळी उचलली, बियाणं पारखावं तशी चिमटीत चुरडली, नाकाशी नेली. खूप वेळ काही बोलला नाही. शेवटी माझ्याकडे बघतच विचारलं, पण प्रश्न माझ्यासाठी नव्हता.

‘‘हे आपल्या पठारावर येईल का?’’

पोरगा चाचरत म्हणाला, ‘‘नाही, बाबा. याला उन्हाळ्यात याहून मोठा दिवस लागतो आणि थंडीही लागते. आपल्याकडे सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. हिमाचलात लाहौलच्या खोऱ्यात येतं.’’

‘‘वेल आहे म्हणतोस. मांडव करतात, का तारा?’’

‘‘उंच खांब आणि तारा. टोमॅटोला करतो तसं, पण दोन-अडीच पुरुष उंच.’’

‘‘आणि तोडणी?’’

मी हळूच उठलो. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या डोळे पुसत मला म्हणाल्या, ‘‘भाऊजी, चहा ठेवते.’’ ओटीवर बापलेक खांबांचा खर्च मांडत बसले होते.